आजार गवताला, डागण्या यंत्राला

दसरा झाला की शिरसाड-अंबाडी रस्त्यावर मांडवी, पारोळ, उसगाव या टप्प्यात गाडी जपून चालवावी लागते. पुढे गवताचा ट्रक असतो. त्याची चाकं दिसतात, नंबरप्लेट अर्धीमुर्धी दिसते, बाकी सगळं गवतच. दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर आलेलं, दोरखंडांनी आवळलेलं. मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर कुसळं उडत असतात आणि ओव्हरटेक करायला जागा नसते. वसई-विरार म्हटलं की मुंबईकराला गर्दीची लोकल आणि टॉवर आठवतात. जरा जाणकार असेल तर किल्ला, केळीच्या वाड्या आणि नाताळ. पण महामार्गाच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या पायथ्यापासून तानसेच्या काठापर्यंत, एक गवताळ वसईही आहे. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी या वसईचं पंचांग बदललं नाही. पावसाळाभर माळ राखायचा, गुरं आत येऊ द्यायची नाहीत आणि पाऊस हटला की विळे काढायचे.

इथलं गवत कुणी पेरत नाही. ते राखलं जातं. पवना, शेडा, मारवेल, कुसळी अशी मिसळ वरकस जमिनीवर आणि डोंगरउतारावर आपोआप उगवते. भाताच्या खाचरातून निघणारा पेंढा वेगळा. त्याची उडवी घराजवळ रचतात आणि तो बहुधा घरच्या गुरांच्या पोटात जातो. माळाचं गवत मात्र विकण्यासाठीच असतं. भारे बांधायचे, वखारीत आणायचे, प्रेसमध्ये दाबून गासड्या करायच्या आणि तबेल्यांना धाडायच्या, असा हा धंदा आहे. त्यात मालकाच्या बोटाला शाई कमी आणि कापणाऱ्याच्या बोटाला काप जास्त.

हा लेख लिहायचं कारण एक प्रश्न आहे. भाताण्याच्या बाजूच्या एका तरुण शेतकऱ्यानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातलं अफाट कुरण, ट्रॅक्टरमागे रुंद यंत्र, पुढून गवत कापलं जातंय आणि मागून चेपून, मोडून, सारखं पसरून बाहेर पडतंय. त्याला कंडिशनर म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा प्रश्न सरळ होता : ‘‘हे आपल्याकडे आणलं तर गवत दोन दिवसांत सुकेल ना? मग अवकाळीची भीती नको.’’ शेजारी बसलेले त्याचे काका, ज्यांचं आयुष्य प्रेसवर गेलं, ते नुसते म्हणाले, ‘‘आन बाबा. पन तो बिघडला त काय तुझा मोबाइल दुरुस्त करनार हाय?’’

दोघांचंही खरं आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

गवताचा हा व्यापार मुंबईमुळे वाढला. १८६४ मध्ये बीबीसीआय रेल्वे मुंबईपर्यंत पोचली, १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल सुटली. तेव्हाच्या मुंबईची वाहतूक घोड्याबैलांवर चालायची. ९ मे १८७४ रोजी सुरू झालेली ट्रामसुद्धा घोड्यांचीच होती. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. व्हिक्टोरिया, बैलगाड्या, गोठे, पलटणी, सगळ्यांना रोज वैरण लागे आणि बेटावर कुरणं उरत नव्हती. लष्करानं तर १८८९ पासून स्वतःची गवत-दुधाची फार्म्स उभारली, त्यांतलं एक आपल्या पिंपरीला होतं. ही सगळी फार्म्स अगदी अलीकडे, २०२१ मध्ये बंद झाली. घोडे गेले तरी म्हशी राहिल्या. जोगेश्वरी, गोरेगावचे तबेले, मग १९४९ पासूनची आरे वसाहत, त्याहून पुढे डहाणू तालुक्यातला दापचरीचा दुग्धप्रकल्प. म्हशी शहरातून हलवण्याच्या योजना आल्या, काही अर्ध्यावर राहिल्या, पण गवत उत्तरेकडून दक्षिणेकडे जातच राहिलं.

या गवतावर रक्तही सांडलेलं आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगाव भागात, १९४५ साली वारल्यांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली जो लढा दिला, त्यातली एक मुख्य मागणी गवतकापणीच्या दराची होती : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. संप ऐन हंगामात, म्हणजे ऑक्टोबरात झाला, कारण तेव्हाच सावकार-व्यापाऱ्याची मान अडकलेली असते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. यंत्रावरच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण इथं गवताचं यंत्र उशिरा का आलं, त्याचं उत्तर यातच आहे. हात स्वस्त होते. स्वस्त हात असताना कुणी पातं विकत घेत नाही. आता जव्हार-मोखाड्याहून कापणीला येणारी जोडपी वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात, तिथं रोज पैसे मिळतात, आणि माळावर कापायला माणूस मिळत नाही. तेव्हा कुठे ब्रश कटर, रीपर, कुठे गासड्या बांधणारा भाड्याचा बेलर दिसू लागला. शासनाच्या यांत्रिकीकरण योजनेत अवजारांना अनुदान मिळतं, अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. दुरुस्तीला मात्र अनुदान नाही.

आता गवताच्या सुकण्याकडे येऊ. बाकी सगळ्या बिघाडांचं मूळ तिथं आहे.

हिरव्या गवताच्या वजनात पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं. गासडी बांधायची तर ते पंधरा ते अठरा टक्क्यांवर यायला हवं. कापलेलं गवत लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो आणि तो स्वतःतली साखर जाळत राहतो. ओल साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की हे थांबतं. म्हणजे पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. या वेळी पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडी असतील तर पाणी झपाट्यानं निघून जातं, आणि रंध्रं उघडी राहतात ती उजेडात. कापलेलं गवत ढिगात पडलं की आतल्या पानांना अंधार होतो, रंध्रं मिटतात, वाट बंद. नंतर राहतं देठातलं पाणी. पान वाळून कुरकुरीत झालं तरी देठ आतून ओला असतो, कारण त्याच्यावर मेणचट साल असते. कंडिशनर नेमकं हेच करतो. दोन रबरी किंवा लोखंडी रोलरांमधून गवत नेऊन देठ जागोजागी चेचतो, किंवा फिरत्या बोटांनी त्याची साल खरवडतो. न्यू हॉलंड कंपनीनं १९६४ मध्ये कापणं आणि चेचणं एकाच यंत्रात आणलं, तेव्हापासून थंड, ढगाळ देशांतल्या शेतकऱ्यांचा सुकवणीचा वेळ बराच वाचला. लसूणघासासारख्या जाड देठाच्या पिकाला रोलर मानवतो. बारीक गवताला बोटांचा प्रकार बरा.

पण आपलं गवत कापतो कधी? मुंबईतून मोसमी वारे परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्यानं २०२० मध्ये बदलून ८ ऑक्टोबर केली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात त्याआधी कापून उपयोग नाही. त्यामुळे गवत फुलोऱ्यात, म्हणजे जेव्हा त्यात कस असतो तेव्हा, कुणी कापतच नाही. ते बी धरतं, पिवळं पडतं, उभ्या उभ्या निम्मं वाळतं आणि मग विळा लागतो. अशा गवताला चेचायला उरतं काय? कंडिशनरचा फायदा मिळवायचा तर आधी सप्टेंबरच्या उघडिपीत हिरवं गवत कापायचं धाडस हवं. ते धाडस अजून या भागात कुणी केलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. हत्ती गवताची म्हणजे नेपियरची गोष्ट वेगळी, त्याचे देठ बोटाएवढे. पण ते इथं ओलंच कुट्टी करून घालतात.

पश्चिमेला आगाशीत राजेळी केळ्यांची सुकेळी करणाऱ्या बायका उन्हाचा अंदाज घेऊन केळी उलटत-पालटत असतात. माळावर पसरलेलं गवत हलवणं तसंच काम आहे, फक्त त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही. जुनी माणसं कापलेली मूठ आडवी, पातळ टाकत जातात आणि दुपारी एकदा उलटतात. जिथं यंत्रावर प्रयोग झाले तिथंही निष्कर्ष हाच निघाला की पहिल्या दिवशी गवत रुंद पसरणं हे चेचण्याइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, कामाचं. कंडिशनरच्या मागचे पत्रे अरुंद लावून गवताची जाड रांग पाडायची आणि मग ‘सुकत नाही’ म्हणून रोलर आवळायचा, ही चूक परदेशातही सर्रास होते.

तरी कुणी असा कंडिशनर आणलाच, तर त्याची निगा ठेवायला मुख्यतः डोळे लागतात. रोलरांमधली फट साधारण दोन-तीन मिलिमीटरची असावी. ती मोजायची युक्ती स्वयंपाकघरातून आली आहे. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात टाकायची, पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा, सोडवायचा, अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या वळकट्या करून रोलरच्या दोन टोकांना आणि मधे घालायच्या, रोलर हातानं फिरवून बाहेर काढायच्या आणि चेपलेल्या जागेची जाडी बघायची. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ आली तर रोलर तिरका बसलाय किंवा एकीकडचं बेअरिंग गेलंय. दोन रोलरांचे दात एकमेकांच्या खाचेत न बसता एकमेकांवर आदळत असतील तर रबराचे तुकडे उडतात आणि खडखडाट सुरू होतो. तिथं फट वाढवून काही होत नाही, रोलरांची जुळणी पुन्हा करावी लागते. फट बरोबर आहे का, हे शेवटी गवतच सांगतं. चेचून पडलेल्या गवतातली मूठभर काडी उचलावी. दहांतल्या नऊ देठांना तीन-चार इंचांवर मोड किंवा चीर दिसली पाहिजे, आणि पानं काळवंडलेली, चिरडलेली फार तर शंभरात पाच. देठ अखंड असतील तर दाब कमी. पानांचा चुरा होत असेल तर दाब जास्त. त्या चुऱ्यातच प्रथिनं असतात आणि ती माळावर राहतात. रोलरला गवत गुंडाळलं जाऊ लागलं की बहुधा गवत फार ओलं असतं, किंवा पुढची पाती बोथट होऊन कापण्याऐवजी उपटत असतात. अशा वेळी चालू यंत्रात हात घालून गवत ओढणारा माणूस हात गमावतो. हे वाक्य यंत्राच्या पत्र्यावर मराठीत रंगवून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे प्रत्यक्षात जास्त त्रास देतो तो बेलर. चौकोनी गासड्या बांधणाऱ्या बेलरमध्ये एक दट्ट्या मिनिटाला कित्येक वेळा पुढेमागे होतो, गवत दाबतो, आणि ठरावीक लांबी झाली की सुया सुतळी आणून गाठ मारणाऱ्या भागाकडे देतात. हा गाठ मारणारा भाग, नॉटर, म्हणजे लोखंडाची एक वाकडी चोच असते. जॉन अ‍ॅपलबी या अमेरिकनानं ती १८७० च्या दशकाच्या अखेरीस पेटंट केली आणि तत्त्व अजून तेच आहे. हंगामात मिस्त्रीला सर्वाधिक बोलावणी हिच्यासाठी येतात. गासडी सुटली की नॉटर बिघडला, असं सगळे म्हणतात. वसई पूर्वेकडच्या एका मिस्त्रींचं म्हणणं वेगळं. ते आल्याबरोबर यंत्राकडे बघत नाहीत; आधी रांगेतलं गवत पिळतात, मग सुतळी बघतात, मग नॉटरवरची धूळ फुंकतात. ‘‘शेठ, मशीन बिघडली नाय. गवात वलं हाय,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि शेठला ते कधीच पटत नाही, कारण मशीनचा खर्च सांगता येतो, ओल्या गवताचा सांगता येत नाही.

आजार रेड्याला आणि डागण्या पखालीला, ही म्हण इथं तंतोतंत लागते. शिअर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो म्हणून गावात कुणीतरी जास्त मजबूत बोल्ट बसवतं. तो बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो. तो तुटला नाही की दांडा तुटतो, गिअरबॉक्स फुटतो. बोल्ट का तुटतो? ओलं गवत जड असतं, दट्ट्यावरची सुरी बोथट असते, सुरी आणि तिच्या समोरचं स्थिर पातं यांच्यातली फट वाढलेली असते. गवत कापलं न जाता ओढलं जातं आणि सगळा ताण बोल्टवर येतो. सुरी धारेला लावा, फट पुस्तिकेत दिल्याएवढी आणा, बोल्ट टिकतो. गासडी एका बाजूला वाकडी, केळ्यासारखी येते तेव्हा लोक दाबाच्या स्प्रिंगा आवळतात. दोष बहुतेक वेळा एवढाच असतो की ट्रॅक्टरवाला रांगेच्या एकाच कडेनं चालवतोय आणि गवत एकीकडेच भरतंय. सुतळी तुटते तेव्हा आधी गुंड्यापासून येणाऱ्या सुतळीचा मार्ग बोट फिरवून तपासावा, कुठे पत्र्याची धार लागतेय का ते. नॉटरला हात सगळ्यात शेवटी. पीटीओचे फेरे ५४० वर स्थिर ठेवावेत. डिझेल वाचवायला फेरे कमी करणारा माणूस संध्याकाळपर्यंत ते डिझेल सुटलेल्या गासड्या पुन्हा बांधण्यात घालवतो.

जुन्या हाताच्या प्रेसला यातलं काही नव्हतं. पेटी, दट्ट्या, तार आणि माणसं. तिची देखभाल म्हणजे लाकूड वाळवीपासून सांभाळणं आणि बिजागऱ्यांना तेल. पण तिच्यावरच्या माणसाला ओल हातानं कळायची. भारा उचलताच तो बाजूला टाकायचा : ‘‘हा उद्या.’’ बेलरला ‘उद्या’ म्हणता येत नाही. हे काम आता चालवणाऱ्यानं करायला हवं, आणि त्यासाठी महागडं मीटरही लागत नाही. काचेच्या बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवावं. मीठ गोळा झालं तर अजून ओल आहे, मोकळं राहिलं तर बांधायला हरकत नाही. मिठागरांच्या तालुक्यात मीठ काही विकत शोधायला नको. फक्त आपल्या हवेत ते आधी तव्यावर कोरडं करून घ्यावं, नाहीतर मीठच खोटं बोलतं.

ओल्या गासडीचा बदला उशिरा येतो. आत बुरशी आणि जिवाणू वाढतात, उष्णता तयार होते, आणि दाबलेल्या गवतातून ती बाहेर पडत नाही. पंचावन्न-साठ अंशांच्या पुढे लक्ष ठेवायला हवं, सत्तरच्या पुढे धोका, ऐंशीला आत निखारे असू शकतात. हे बांधल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतं. कुणी बिडी न ओढता वखार पेटते ती अशी. लोखंडी सळई गंजीत खोलवर खुपसून दहा-पंधरा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर गंज एकदम उकलू नये, कारण हवा लागताच भडका उडतो. आधी पाणी आणि अग्निशमन दल, मग गासड्या. आणि पेटली नाही तरी बुरशी लागलेलं गवत म्हशीला घातलं की त्यातलं विष दुधात उतरू शकतं, आणि ते दूध मुंबईच्या चहात.

ही झाली हंगामातली गोष्ट. यंत्रं मरतात ती मात्र उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत. खाडी आणि समुद्र जवळ, हवा खारट आणि ओली, त्यात जून ते सप्टेंबर यंत्र झाडाखाली प्लास्टिक पांघरून उभं. प्लास्टिकच्या आत घाम सुटतो आणि गंज उघड्यापेक्षा जास्त चढतो. काम संपल्या दिवशी अडकलेलं गवत काढणं सर्वांत गरजेचं, कारण ते वाळलं तरी हवेतली ओल धरून ठेवतं आणि उंदीर त्यात घर करतात. ते काढल्यावर चकचकीत लोखंडावर, म्हणजे नॉटर, सुया, पाती, सुरी यांवर, ग्रीसचा हात फिरवावा. प्रत्येक निपलला नवं ग्रीस जुनं बाहेर पडेपर्यंत द्यावं. बेल्टचा ताण सैल करावा. चाकं विटांवर घ्यावीत. ब्रश कटरचं तर दुखणंच ठरलेलं : टाकीत राहिलेलं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल ओढतं, ते कार्बोरेटरमध्ये महिनोन्‌महिने राहिलं की पुढच्या दसऱ्याला दोरी ओढून खांदा निखळतो पण इंजिन बोलत नाही. टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. चाळीसास एक म्हणजे लिटरला पंचवीस मिली, पन्नासास एक म्हणजे वीस. बाटलीच्या टोपणानं अंदाजे ओतणाऱ्यांची यंत्रं मिस्त्रीच्या दुकानात रांगेनं टांगलेली दिसतात. कुट्टी यंत्राच्या बेल्टवरची जाळी ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवलेली असेल तर ती आजच बसवावी, पुढचं वाचायच्या आधी.

२०१९ च्या दिवाळीत क्यार वादळाच्या पावसानं पालघर जिल्ह्यातलं कापलेलं भात खाचरात उगवलं. माळावरच्या गवताचे पंचनामे कुणी करत नाही. तरुणाची अवकाळीची भीती त्यामुळे खोटी नाही. पण पडणाऱ्या पावसापासून कंडिशनर वाचवत नाही, छप्पर वाचवतं. आणि आपले माळ लहान, बांधांचे, दगडांचे. रुंद यंत्र वळवायला जागा नाही, आणि एक धोंडा रोलरमध्ये गेला तर हंगाम संपला.

म्हणून माझा निर्वाळा असा. एकट्यानं कंडिशनर घेऊ नये. चार-पाच गावांनी मिळून एक बेलर घ्यावा, त्याच्या किमतीत पत्र्याची शेड धरूनच हिशेब मांडावा, आणि एका मुलाला किंवा मुलीला नॉटर उघडून जोडायला पाठवून शिकवून आणावं. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र याच जिल्ह्यात आहे, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठही आपलंच. फुलोऱ्यातलं गवत सप्टेंबरच्या उघडिपीत कापून सुकवण्याची चाचणी त्यांच्याकडे हक्कानं मागावी. ती जमली तर कंडिशनरचा विषय पुन्हा काढू. घ्यायची वेळ आली तर विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी विचारा, सुटे भाग ऑक्टोबरात कुठे मिळतील आणि किती दिवसांत. उत्तर ‘मागवावे लागतील’ असं आलं, तर चहा पिऊन परत या.